गाभण उंदरांमधला रक्तप्रवाह अल्ट्रासाउंडने कसा पाहतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाभण उंदरांची सोनोग्राफी हे माझं रोजचं काम. नव्याने प्रयोगशाळेत आलेले विद्यार्थी, माणसांची सोनोग्राफी करणारे डॉक्टर आणि आकडेवारी तपासणारे सहकारी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. गरोदर बायकांची सोनोग्राफी होतेच की. मग उंदरांवर वेगळा अभ्यास कशासाठी?

माणसात आपण पाहू शकतो, पण कारण शोधण्यासाठी काही बदलून बघू शकत नाही. उंदरात एखादं जनुक काढून टाकता येतं, आईचा आहार बदलता येतो, हवेतला ऑक्सिजन कमी करता येतो आणि शेवटी वार हातात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते. शिवाय सगळं गर्भारपण १९-२० दिवसांत उरकतं.

अल्ट्रासाउंड नव्हता तेव्हा दहाव्या दिवसाची माहिती हवी तर काही माद्या दहाव्या दिवशी माराव्या लागत, चौदाव्या दिवसाची हवी तर आणखी काही. आता तीच मादी दहाव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी पाहता येते. तिची तुलना तिच्याशीच होते आणि प्राणीही कमी लागतात. माझ्या दृष्टीने या तंत्राचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

२. नेमका कोणाचा रक्तप्रवाह मोजता, आईचा की पिल्लाचा?

दोघांचा, पण वेगवेगळ्या ठिकाणी. आईच्या बाजूने युटेराइन आर्टरी, म्हणजे गर्भाशयाला रक्त पुरवणारी रोहिणी. पिल्लाच्या बाजूने अंबिलिकल आर्टरी, म्हणजे पिल्लाचं रक्त नाळेतून वारेकडे नेणारी रोहिणी. वारेत ही दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी ती शेजारून, उलट्या दिशांनी वाहतात आणि त्या पडद्यातून ऑक्सिजन व पोषण इकडून तिकडे जातं. वारेत काही बिघडलं तर त्याची खूण या दोन्हीपैकी एका रोहिणीत दिसण्याची शक्यता असते, म्हणून दोन्ही बघायच्या.

३. दवाखान्यातलं सोनोग्राफी मशीन चालेल का?

मादी गाभण आहे का एवढंच बघायचं असेल तर एखाद्या चांगल्या मशीनवर जमेल. रक्तप्रवाह नीट मोजायला चालणार नाही. पोटाच्या सोनोग्राफीचा प्रोब (अंगावर फिरवायचा, ध्वनी सोडणारा भाग) साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झचा असतो. शरीरातून आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, म्हणजे ५ मेगाहर्ट्झला एका लाटेची लांबी ०.३ मिलिमीटर होते. दहा दिवसांचा उंदराचा गर्भ जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा, त्याच्या रक्तवाहिन्या त्याहून कितीतरी बारीक. त्या एवढ्या लांब लाटेत हरवून जातात.

आम्ही ३० ते ५५ मेगाहर्ट्झचे प्रोब वापरतो. ४० मेगाहर्ट्झला लाटेची लांबी ०.०४ मिलिमीटरपेक्षाही कमी होते. याची किंमत खोलीत मोजावी लागते: वारंवारता वाढली की आवाज ऊतींमध्ये लवकर विरतो आणि जेमतेम सेंटीमीटरभर खोलवरचंच नीट दिसतं. उंदराचं पोट तेवढंच असतं, म्हणून निभतं. या वारंवारतेवर जिवंत मादीच्या पोटातल्या भ्रूणाचा मेंदू पाहता येतो, हे डॅनियल टर्नबुल, स्टुअर्ट फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं.

४. गर्भाचे दिवस कसे मोजायचे?

मादी रात्री नराजवळ ठेवतात आणि सकाळी योनीमार्गात प्लग (मीलनानंतर घट्ट झालेल्या वीर्याचा गोळा) आहे का ते बघतात. दिसला तर त्या दिवसाची दुपार म्हणजे ०.५ वा दिवस. १४.५ वगैरे आकडे तिथून येतात. मीलन रात्री नेमकं कधी झालं हे कळत नाही, त्यामुळे काही तासांचा फरक राहतोच, आणि एकाच मादीच्या पिल्लांतही वाढीत थोडं मागेपुढे असतं. प्लग म्हणजे गर्भधारणा नव्हे. त्यामुळे सहाव्या-सातव्या दिवशी गर्भाशयातल्या गोल गाठी एकदा बघून घ्या, म्हणजे रिकाम्या मादीवर पुढचे दिवस फुकट जात नाहीत.

५. कोणत्या दिवशी काय दिसतं?

हृदयाचा ठोका आठव्या-नवव्या दिवसापासून दिसतो. दहाव्या दिवसाच्या सुमारास वार कामाला लागते आणि नाळेतला प्रवाह मोजण्याजोगा होतो. १२ ते १५ दिवस हा मला सगळ्यात सोयीचा काळ वाटतो: पिल्लू पुरेसं मोठं, हाडं अजून मऊ, नाळ मोकळी तरंगणारी. सतराव्या दिवसानंतर कवटी आणि बरगड्या कडक होऊ लागतात, त्यांची सावली पडते आणि पिल्लं एकमेकांवर दाटीने बसतात. शेवटच्या दिवसांत जास्त वेळ लागणार हे धरूनच वेळापत्रक आखा.

६. भूल द्यावीच लागते का? तिचा निकालांवर परिणाम होत नाही का?

द्यावी लागते, आणि परिणाम होतो. आलेल्या प्रश्नांपैकी हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर लांब आहे.

बहुतेक ठिकाणी आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू वापरतात. सुरुवातीला ३ टक्क्यांच्या वर देऊन झोपवायचं आणि मग १ ते २ टक्क्यांवर आणायचं. हे औषध रक्तवाहिन्या सैल करतं, रक्तदाब उतरवतं आणि ठोके कमी करतं. आपण मोजणार आहोत रक्तवाहिन्यांमधला रोध, आणि औषध नेमकं तोच बदलतं. भूल टाळता येत नसेल तर निदान ती सगळ्यांना सारखी द्या. एका गटाला १.५ टक्के आणि दुसऱ्या गटाला २ टक्के दिले तर दिसणारा फरक जनुकाचा की भुलीचा, हे नंतर कोणीही सांगू शकणार नाही. वायू ऑक्सिजनमधून देता की साध्या हवेतून, हेसुद्धा पक्कं ठरवून लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट तापमान. पोटावरचे केस काढलेले, वर ओलं जेल, आणि भुलीत कुडकुडायची सोय नाही. एवढासा जीव काही मिनिटांत गार पडतो. आई गार पडली की गर्भाचे ठोके मंदावतात आणि डॉप्लरची (परतणाऱ्या ध्वनीच्या वारंवारतेतल्या फरकावरून रक्ताचा वेग मोजण्याची पद्धत) लाट, म्हणजे पडद्यावरचा वेगाचा आलेख, बदलते. म्हणून मादीला गरम पाटावर ठेवायचं, गुदातल्या तापमापकावर लक्ष ठेवायचं आणि ३७ अंशांच्या आसपास धरून राहायचं.

एकदा तो तापमापक माझ्या नकळत अर्धा निसटला होता. आकडा ३५ दाखवत होता म्हणून मी पाट तापवत गेले. गर्भांचे ठोके नेहमीपेक्षा जलद दिसले तेव्हा शंका आली. तापमापक नीट बसवला तर मादी ३९ च्या वर गेलेली. त्या दिवसाची सगळी मोजमापं बाद केली. तेव्हापासून दर पाच मिनिटांनी आकडा बघते आणि त्याच्याबरोबर तारही बघते.

तिसरी गोष्ट वेळ. भुलीत जितका वेळ जास्त, तितकी आई मूळ अवस्थेपासून दूर जाते. सगळं अर्ध्या-पाऊण तासात संपवायचं आणि मोजण्याचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. एका मादीत युटेराइन आर्टरी पाचव्या मिनिटाला आणि दुसरीत चाळिसाव्या मिनिटाला मोजली, तर त्या दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.

७. जेल लावूनही चित्र धुरकट का येतं?

बहुतेक वेळा बुडबुड्यांमुळे. दवाखान्याच्या प्रोबला न दिसणारा बुडबुडा ४० मेगाहर्ट्झला काळी सावली पाडतो. बाटली रात्रभर उलटी ठेवा, जेल कोमट करून घ्या आणि फेसाळणार नाही अशा बेताने हळू सोडा. दुसरं कारण राहिलेले केस. आधी मशीनने कापून मग केस काढायचं क्रीम लावतात. ते मिनिटभरात पुसून पाण्याने स्वच्छ करा, नाहीतर त्वचा भाजते. तिसरं कारण आतड्यातला वायू. तिथे प्रोब थोडा तिरपा करून दुसऱ्या वाटेने बघण्यावाचून इलाज नाही.

८. युटेराइन आर्टरी मला सापडतच नाही. कुठे शोधू?

मूत्राशयापासून सुरुवात करा. मादी उताणी, चारही पाय पाटावरच्या ईसीजीच्या पट्ट्यांवर चिकटवलेले, प्रोब ओटीपोटावर आडवा. पडद्यावर एक स्वच्छ काळा गोल दिसेल, ते मूत्राशय. त्याच्या मागे योनीमार्ग आणि गर्भाशयाचं मुख. आता प्रोब हळूहळू एका बाजूला सरकवा आणि रंगीत डॉप्लर चालू करा. मुखाच्या कडेला, जिथे गर्भाशयाचं शिंग (पिल्लं वाढतात ती लांब नळी) सुरू होतं तिथे, एक नागमोडी लाल-निळी वाहिनी धडधडताना दिसते. तिच्या जवळच जाड, सरळ, जोरकस वाहिनी असते. ती पायाकडे जाणारी इलियाक. नवशिके हमखास तीच मोजतात.

फरक लाटेवरून ओळखायचा. इलियाकची लाट उंच, टोकदार असते आणि ठोक्यांच्या मधे जवळपास तळाला जाते, काही वेळा उलटीही होते. गाभण मादीच्या युटेराइन आर्टरीत ठोक्यांच्या मधेही प्रवाह चालू असतो, आणि दिवस भरत जातील तसा तो मधला प्रवाह वाढत जातो. गर्भाशयाला दोन शिंगं असतात, म्हणून डावी आणि उजवी अशा दोन्ही रोहिण्या मोजा.

मोजण्याची जागा दर वेळी तीच हवी, मुखाजवळची. उंदरात शिंगाला एका टोकाने युटेराइन आर्टरीचं आणि दुसऱ्या टोकाने अंडाशयाकडच्या रोहिणीचं रक्त मिळतं, दोन्ही मिळून कमान होते. कमानीवर वर सरकलात तर आकडा बदलतो.

९. पडद्यावर दिसणारा ठोका आईचा की पिल्लाचा, हे कसं ओळखायचं?

वेगावरून. माणसांची सोनोग्राफी करणारे इथे हमखास गोंधळतात, कारण माणसात बाळाचे ठोके आईपेक्षा जलद असतात आणि उंदरात नेमकं उलट. भुलीतल्या मादीचे ठोके मिनिटाला ४०० ते ५००, तर १४ ते १८ दिवसांच्या गर्भाचे साधारण २०० च्या आसपास. म्हणजे पडद्यावर एका सेकंदात सात-आठ दाट लाटा असतील तर रक्त आईचं, तीन-चार मोकळ्या लाटा असतील तर पिल्लाचं. शंका आली तर खाली चाललेला ईसीजी बघा. तो आईचा असतो; लाटा त्याच्याशी जुळल्या की प्रश्न मिटला.

नाळ ओळखायची आणखी एक खूण आहे. उंदराच्या नाळेत एक रोहिणी आणि एक नीला असते. माणसात रोहिण्या दोन. दोन्ही वाहिन्या डॉप्लरच्या चौकटीत (पडद्यावर जिथला वेग मोजायचा ती जागा) एकत्र आल्या की रेषेच्या एका बाजूला रोहिणीच्या उड्या आणि दुसऱ्या बाजूला नीलेचा सपाट, अखंड पट्टा दिसतो. अशी जोडी दिसली की तुम्ही नाळेवर आहात.

१०. आरआय आणि पीआय यांत काय फरक? कोणता द्यावा?

आरआय म्हणजे रेझिस्टन्स इंडेक्स, पीआय म्हणजे पल्सॅटिलिटी इंडेक्स. दोन्ही रक्तवाहिनीच्या पुढचा रोध सुचवतात. ठोक्याच्या वेळचा सर्वांत जास्त वेग घ्या, त्यातून ठोक्यांच्या मधला शेवटचा, म्हणजे डायस्टोलच्या अखेरचा वेग वजा करा. या फरकाला सर्वांत जास्त वेगाने भागलं की आरआय, सरासरी वेगाने भागलं की पीआय.

आरआय काढायला सोपा, पण त्याला एक छत आहे. डायस्टोलच्या अखेरीस प्रवाह शून्य झाला की आरआय १ होतो आणि तिथेच अडकतो. त्यापुढे स्थिती कितीही बिघडली, फक्त शून्य प्रवाहाचा काळ लांबत गेला, तरी आरआय १ च राहतो. पीआयमध्ये सरासरी असल्याने तो बदलत राहतो. म्हणून युटेराइन आर्टरीला दोन्ही द्या, पण अंबिलिकल आर्टरीला पीआयवर भर द्या. तिथे शून्य प्रवाह नेहमीच भेटतो (प्रश्न १२). आणि मूळ वेगही नोंदवा. गुणोत्तरातला बदल वरच्या आकड्याने घडवला की खालच्या, हे वेगांशिवाय कळत नाही.

११. डॉप्लरच्या कोनाचं एवढं का मनावर घ्यायचं?

ध्वनीची रेषा आणि रक्तप्रवाह यांच्यातला जो कोन तुम्ही देता, त्याच्या कोसाइनने मशीन वेग काढताना भागतं. कोन लहान असताना चूक झाली तरी फारसं बिघडत नाही, मोठा असताना फार बिघडतं. प्रत्यक्ष कोन २५ अंश आणि तुम्ही २० धरलात, तर वेग साधारण साडेतीन टक्के कमी येतो. तीच पाच अंशांची चूक ६० च्या जागी केलीत, म्हणजे प्रत्यक्ष ६५ असताना ६० धरलात, तर वेग १५ टक्के कमी येतो. दोन गटांतला खरा फरक बऱ्याचदा एवढाच असतो.

६० च्या वर कधीच मोजू नका. जमेल तितकं ३० च्या आत राहा. त्यासाठी प्रोब आणि पाट दोन्ही तिरपे करता आले पाहिजेत. आरआय आणि पीआय गुणोत्तरं असल्याने कोनाची चूक त्यांत कटते, म्हणून नाळ वेडीवाकडी वळलेली असताना त्यांचा मोठा आधार वाटतो. पण कोन ९० च्या जवळ गेला की डायस्टोलचा मंद प्रवाह दिसेनासा होतो, आणि मग गुणोत्तरंही खोटी पडतात.

१२. अंबिलिकल आर्टरीत डायस्टोलचा प्रवाह शून्य दिसतो. पिल्लू धोक्यात आहे का?

आधी दिवस बघा. माणसात गर्भारपणाच्या उत्तरार्धात असं दिसलं तर डॉक्टर सावध होतात. उंदरात सुमारे १५ व्या दिवसापर्यंत हा प्रवाह नसणं ही सर्वसाधारण स्थिती आहे. वारेतलं पिल्लाच्या बाजूचं केशिकांचं जाळं पसरत गेलं की रोध उतरतो आणि मग ठोक्यांच्या मधेही रक्त पुढे सरकू लागतं. त्यामुळे १३.५ व्या दिवशीचं शून्य नेहमीचं, पण १७.५ व्या दिवशीचं शून्य तपासण्याजोगं.

पण त्याच्याही आधी मशीन तपासा. वॉल फिल्टर नावाची एक सेटिंग असते. रक्तवाहिनीच्या भिंतीची थरथर गाळण्यासाठी ती सगळे मंद संकेत काढून टाकते. ती जास्त ठेवली असेल तर डायस्टोलचा मंद प्रवाहही गाळला जातो आणि पडद्यावर खोटं शून्य उमटतं. फिल्टर सगळ्यात खाली आणा, कोन सुधारा, पुन्हा बघा. तरीही शून्य राहिलं तर आईचं तापमान आणि ठोके बघा (प्रश्न ६). गार पडलेल्या आईच्या पोटात पिल्लाचा ठोका मंदावतो, दोन ठोक्यांतलं अंतर लांबतं आणि प्रवाहाला खाली उतरायला जास्त वेळ मिळतो. एवढं सगळं ठीक असेल तर मगच त्या शून्याला आजाराची खूण म्हणा.

जागाही महत्त्वाची. नाळेच्या पिल्लाकडच्या टोकाला रोध जास्त दिसतो, वारेकडच्या टोकाला कमी. मी मधला मोकळा वळसा घेते, दर वेळी.

१३. लाटेचं टोक कापलं जाऊन खालच्या बाजूला दिसतं. बिघाड आहे का?

नाही, याला एलियासिंग म्हणतात. मशीन सेकंदाला ठरावीक वेळा ध्वनीचे झटके सोडतं, आणि रक्त त्या मानाने फार वेगात असलं की दिशा ओळखण्यात फसतं. ३० मेगाहर्ट्झला सेकंदाला २०,००० झटके असतील आणि कोन शून्य असेल तर साधारण २६ सेंटीमीटर प्रति सेकंदाच्या पुढचा वेग उलटा दिसतो. झटक्यांचा दर वाढवा किंवा मधली रेषा खाली सरकवा. दोन्ही करून जमलं नाही तर कमी वारंवारतेचा प्रोब घ्या.

१४. एका मादीला आठ-दहा पिल्लं. पुढच्या स्कॅनला तेच पिल्लू कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखणं अवघड आहे. मूत्राशय हा खुंटा धरून डाव्या शिंगात मुखापासून पहिलं, दुसरं, तिसरं आणि तसंच उजवीकडे, असा नकाशा कागदावर काढायचा. मुखाजवळची पहिली एक-दोन पिल्लं बऱ्यापैकी ओळखू येतात. वरची पिल्लं आतड्यांबरोबर सरकतात, शिंग दुमडतं, आणि चार दिवसांनी "डावं चौथं" म्हणजे तेच पिल्लू हे शपथेवर सांगता येत नाही. दोन्ही शिंगांमधली मुखाजवळची दोन-दोन पिल्लं पक्की मोजून त्यांच्यावरच भिस्त ठेवलेली मला बरी वाटते.

पिल्लाचं जनुक किंवा लिंग स्कॅनवर कळत नाही. शेवटच्या स्कॅननंतर लगेच गर्भाशय उघडायचं असेल तर नकाशाप्रमाणे पिल्लू काढून शेपटीच्या तुकड्यावरून पीसीआर (डीएनए तपासणी) करायचं. स्कॅन आणि ते काम यांत जितका कमी वेळ, तितका नकाशा विश्वासाचा.

१५. एका मादीची दहा पिल्लं म्हणजे नमुना दहाचा धरायचा ना?

नाही. ती दहाही पिल्लं एकाच आईच्या रक्तदाबावर, एकाच भुलीवर, एकाच गरम पाटावर आहेत. ती एकमेकांसारखी वागणारच. उपचार आईला दिला असेल तर नमुना म्हणजे आई: चार माद्या तपासल्या तर नमुना चार, पिल्लं चाळीस असली तरी. पिल्लांची माहिती वाया घालवायची नसेल तर मिश्र-परिणाम मॉडेल (एकाच गटातली मोजमापं एकमेकांसारखी असतात हे धरणारी सांख्यिकी पद्धत) वापरा आणि त्यात मादीला गट म्हणून घ्या. पिल्लापिल्लांत जनुकाचा फरक असेल तेव्हाही, म्हणजे एकाच पोटात सदोष आणि निर्दोष दोन्ही असतील तेव्हाही, आईचा गट मॉडेलमध्ये हवाच. मोजणाऱ्याला मादी कोणत्या गटातली हे माहीत नसावं. डॉप्लरची लाट कुठून कुठवर धरायची यात हाताचा भाग मोठा असतो आणि मन आपोआप हव्या त्या लाटेकडे जातं.

१६. अल्ट्रासाउंडनेच पिल्लांना इजा होत नाही का?

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. येल विद्यापीठात पास्को राकिच यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की गाभण उंदरांना एकूण अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ अल्ट्रासाउंड दिला, तर पिल्लांच्या मेंदूतल्या काही चेतापेशी ठरलेल्या थरापर्यंत पोचत नाहीत. तो प्रयोग गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यातला होता आणि प्रोब इतका वेळ जवळपास एकाच जागी धरलेला होता. नेहमीच्या स्कॅनमध्ये प्रोब फिरत राहतो आणि एका पिल्लावर मोजकी मिनिटंच पडतात.

तरीही स्पंदित डॉप्लर एकाच ठिकाणी ऊर्जा टाकतो, त्यामुळे ऊतींना ऊब लागते. चौकट लावा, पाच-सहा स्वच्छ लाटा साठवा, पुढे चला. मोजणी नंतर साठवलेल्या चित्रावर करा. पिल्लांच्या मेंदूचा किंवा वागणुकीचा अभ्यास असेल तर भूल आणि गरम पाट मिळालेल्या, पण अल्ट्रासाउंड न दिलेल्या माद्यांचा एक गट हवाच. तो गट नसलेला प्रस्ताव माझ्याकडे आला तर मी परत पाठवते.

१७. वारेच्या आतला प्रवाह दिसतो का?

मोठ्या वाहिन्या रंगीत डॉप्लरवर दिसतात, केशिका नाहीत. त्यासाठी आईच्या शेपटीच्या नीलेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात. ते लाल रक्तपेशीच्या आकाराच्या आसपासचे असतात आणि रक्तवाहिनीबाहेर पडत नाहीत. वार ओलांडून पिल्लात जात नसल्याने वारेत जे चमकतं ते फक्त आईचं रक्त, हा त्यांचा मोठा गुण. ऑक्सिजन किती आहे हे जाणून घ्यायचं तर फोटोअकूस्टिक पद्धत आहे: लेझरच्या दोन रंगांना ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन वेगवेगळा प्रतिसाद देतं, तो आवाजाच्या रूपात ऐकला जातो. खोल बसलेल्या पिल्लांत प्रकाश पोचत नाही, ही तिची मर्यादा.

१८. मेंदूच्या रोहिणीत प्रवाह वाढलेला दिसला म्हणजे काय समजायचं?

ऑक्सिजन कमी पडला की गर्भ मेंदूकडे जास्त रक्त वळवतो. त्यामुळे मेंदूच्या मधल्या रोहिणीचा पीआय उतरतो आणि नाळेतला चढतो. माणसात या दोन्हींचं गुणोत्तर रोज वापरलं जातं. उंदरात ही रोहिणी कवटीच्या तळाशी रंगीत डॉप्लरने सापडते, पण पिल्लाचं डोकं नीट वळलेलं असावं लागतं आणि शेवटच्या दिवसांत कवटीची सावली आड येते. एकट्या या आकड्यावर निष्कर्ष उभारू नका. नाळ, युटेराइन आर्टरी आणि पिल्लाचं वजन सोबत ठेवा.

१९. उंदरात औषधाने प्रवाह सुधारला, मग माणसातही सुधारेल ना?

सिल्डेनाफिल या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाची गोष्ट इथे सांगावीच लागते. कॉम्ट हे जनुक नसलेल्या उंदरांमध्ये पिल्लांची वाढ खुंटते आणि नाळेतल्या लाटा बिघडतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात या उंदरांना सिल्डेनाफिल दिल्यावर वाढही सुधारली आणि लाटाही. पुढे वाढ खुंटलेल्या बाळांच्या मातांवर त्याच्या चाचण्या झाल्या. नेदरलँड्समधली चाचणी जुलै २०१८ मध्ये मधेच थांबवावी लागली, कारण औषध दिलेल्या गटातल्या बाळांमध्ये जन्मानंतर फुफ्फुसांच्या तक्रारी आणि मृत्यू जास्त दिसले, आणि फायदा होण्याची चिन्हंही नव्हती.

उंदरातलं मोजमाप त्यामुळे खोटं ठरत नाही. नाळेतली लाट सुधारली एवढंच ते सांगत होतं. जन्मानंतर फुफ्फुसं कशी वागतील हे ते सांगूच शकत नव्हतं. वारेतही फरक आहेत. आई आणि पिल्लाच्या रक्तांमध्ये उंदरात पोषपेशींचे (वारेच्या बाहेरच्या पेशी) तीन थर असतात, माणसात एक. माणसात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत खोल शिरून आईच्या रोहिण्या रुंद करतात, उंदरात त्या वरवर थांबतात. उंदराचं पिल्लू डोळे मिटलेलं, बरंचसं अपुरं जन्मतं, आणि त्याच्या पीतक पिशवीचा (गर्भाभोवतीची योक सॅक) रक्तप्रवाह जन्मापर्यंत चालू राहतो. अहवाल लिहिताना "वार सुधारली" असं लिहू नका. "१७.५ व्या दिवशी अंबिलिकल पीआय उतरला" असं लिहा.

२०. डाव्या आणि उजव्या युटेराइन आर्टरीचे आकडे फार वेगळे आले. कोणता घेऊ?

आधी दोन्ही शिंगांतली पिल्लं मोजा. एकीकडे सहा आणि दुसरीकडे एक असेल तर सहा वारांना रक्त देणाऱ्या बाजूचा रोध कमी असणं साहजिक आहे. एका बाजूला काहीच नसेल तर ती रोहिणी जवळपास गाभण नसलेल्या मादीसारखी वागते. अशा वेळी सरासरी काढली तर दोन्ही बाजूंचं खरं रूप झाकलं जातं. दोन्ही आकडे वेगळे ठेवा आणि प्रत्येकासमोर त्या शिंगातल्या पिल्लांची संख्या लिहा. पिल्लं सारखीच असूनही फरक मोठा असेल तर एखाद्या बाजूला चुकून इलियाक मोजली नाही ना, ते साठवलेल्या लाटेवर तपासा (प्रश्न ८).

२१. स्कॅन करताना एका पिल्लाचं हृदय बंद दिसलं. त्या मादीची नोंद ठेवायची का?

ठेवायची, आणि ते पिल्लू नकाशावर खूण करून ठेवायचं. उंदरात काही गर्भ मधेच विरघळून जातात. गर्भाशयात काळपट, आकार हरवलेली गाठ उरते. शेजारच्या पिल्लांचे ठोके नेहमीसारखे असतील तर स्कॅन पुढे चालू ठेवता येतं. पण सगळ्याच पिल्लांचे ठोके एकत्र मंदावले, किंवा आईचे ठोके ४०० च्या खाली घसरले, तर मोजणं तिथेच थांबवा. भूल कमी करा, पाट तपासा, आईला सावरू द्या. तोवर घेतलेले आकडे बाजूला काढा आणि का काढले ते त्याच ओळीत लिहा. जेल कोमट पाण्याने पुसून, अंग कोरडं करून तिला तिच्याच पिंजऱ्यात उबेत ठेवा. ती चालू लागेपर्यंत, स्वतःचं अंग चाटू लागेपर्यंत तिथून हलू नका. पुढचं स्कॅन दुसऱ्या दिवशी लावलं असेल तर ते एक दिवस पुढे ढकला.